पाठमोरी

हाकोदातेला ट्राम बंदराकडे वळते, तिथे माझं दुकान.
मरायला टेकलेली कार्ट्रिजं घेऊन लोक येतात.
आत नाण्याएवढी बॅटरी असते; ती संपली
की लहानपणी पकडलेले सगळे प्राणी एका रात्रीत पसार.
मी झाकण उघडते, डाख देते, बंद करते.
यातले एकोणीस प्राणी माझ्या हातचे,
हे कुणाला सांगत नाही.

काल कुनिहारू आला. सतरा वर्षांचा, थंडीने नाक लाल,
खिशात आईचं कार्ट्रिज.
त्याला गप्प राहवेना.
“ठाऊक आहे? तिसऱ्या गावच्या विहिरीत
रात्री दोनला डोकावलं, तर पाण्यात
आपल्याऐवजी दुसराच पोरगा दिसतो.”
(ठाऊक आहे. हिराइवा-सानचा मुलगा.
त्याला तेव्हा गोवर होता, म्हणून गालावर तीन ठिपके.)
“आणि दगडखाऊची आरोळी उलटी वाजवली
तर केटलीची शिट्टी ऐकू येते.”
(केटलीवरूनच बसवलेली.
कचेरीत दुसरं वाजणारं काही नव्हतं.)

“आणि हिसोरी.” त्याचा आवाज खाली आला.
“एकशे अठरा प्राण्यांत ही एकटीच
शत्रू म्हणून आली तरी पाठमोरी.
तिचा धनी तळ्यात बुडाला. ती तळ्याकडे बघत उभी आहे.
तळं बरोबर उत्तरेला आहे, मी पावलं मोजलीत.”

डाख वितळत होती.
तळं उत्तरेला आहे, हे मलाच नवं होतं.

खरी गोष्ट अशी:
मी तेवीसची, सोबाच्या खानावळीवर चौथा मजला,
फेब्रुवारी, खिडकीला आतून बर्फ.
शेवटच्या आठवड्यात जागा संपली.
एकशे बारा बाइट कमी पडले.
तेवढ्यात आज धड एक निरोप मावत नाही.
प्रत्येक प्राण्याची दोन चित्रं असायची,
समोरून, म्हणजे आपल्यावर चालून येताना,
मागून, म्हणजे आपल्या बाजूने लढताना.
हिराइवा-सान म्हणाले, कुणाचा तरी चेहरा जाईल.
मी म्हटलं, माझ्यातल्याच एकीचा घ्या.
चेहऱ्याच्या जागी पाठीचा पत्ता लिहिला. एक ओळ.
दुःख वगैरे काही नव्हतं.
भूक लागली होती.

जुनी बॅटरी काढताना दुसरी शेजारी धरून ठेवावी लागते,
नाहीतर आतलं सगळं पुसलं जातं.
कुनिहारूने श्वाससुद्धा धरला.
मग पडदा उजळला, आणि त्याची आई,
इयत्ता पाचवी, सहाव्या फाटकाशी,
एकतीस वर्षं त्याच गवतात उभी.
सोबत एकच प्राणी. हिसोरी. पातळी एकोणसाठ.
“हिला घेऊन एकटी?” तो म्हणाला,
“मला तर म्हणते, खेळ कधी जमलाच नाही.”

प्राण्याला आपलं नाव देता यायचं,
पाच अक्षरांचं; तेवढीच जागा.
तिने दिलं होतं:
इकडे बघ.

एक पाऊल टाकलं. वटवाघूळ आडवं आलं.
पडद्यावर उमटलं,
जा, इकडे बघ!
आणि ती गेली, पाठ आमच्याकडे करून.
आता मात्र बरोबर होतं ते. आमच्या बाजूची होती ना.

“तोंड कसं असेल हिचं?”
“आईला विचार,” मी म्हटलं. “आठशे येन झाले.”

रात्री दुकान लावून मी बिस्किटांचा डबा काढला.
छप्पन्न गुणिले छप्पन्न चौकोनांचा कागद
त्यात आहे, पण तो नको होता.
त्याखालचा नकाशा हवा होता,
शेवटच्या आठवड्याआधीचा.

नकाशे इचिनोहे काढायचा. पलीकडच्या टेबलावर बसायचा,
फारसा बोलायचा नाही,
माझं काम संपेस्तोवर आपला दिवा मालवायचा नाही.

मी कागद दोनदा फिरवून पाहिला.
तळं पूर्वेला होतं.