मांडी

मांडी घालता येईना,
ही तक्रार कुठल्या खिडकीवर नोंदवायची?

निपाणीत बाई मांडी घालते म्हणजे कामाला लागते.
मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोऱ्याचं रीळ
आणि पान कापायचा पत्रा, आईच्या हातानं गुळगुळीत झालेला.
हजाराचा हिशेब मी गुडघ्यांनी शिकले:
डावा बधिर झाला की साडेतीनशे,
उजवाही झाला की भाकरीची वेळ.

सातव्या महिन्यात, रात्री कूस बदलताना
ओटीपोटाखाली अगदी मधोमध काहीतरी वाजलं,
कट्,
दाराची कडी पडावी तसं.
मी उठून दार बघून आले.
उठायलाच पाव तास लागला. दार बंदच होतं.

सासूबाई म्हणाल्या, "हाडं उलत्यात, पोराला वाट नको व्हय?"
शेजारची बाळव्वा म्हणाली,
"पाचव्याच्या वेळंला मी शेंगा उपटत हुते, कळा येईस्तवर."
शेंगा उपटणाऱ्या बाईपुढं काय बोलावं?
मी परकर डोक्यावरून घालायला लागले,
कारण एक पाय उचलला की दुसरा माझा राहायचा नाही.
उंबरा आडवा ओलांडायला लागले, खेकड्यासारखा.

चिकोडीची सिस्टर, नागरत्ना,
पोर पुसून पोटावर ठेवत म्हणाली, "येल्ली नोवु?"
जिथं कुणी बोट दाखवत नाही तिथं मी हात ठेवला.
तिनं चाचपलं. "मूळे," म्हणाली हळूच.
कन्नडात मूळे म्हणजे हाड, मला ठाऊक आहे.
पण अर्धवट शुद्धीत वाटलं, मूळ आलंय,
पंचमीचं, माहेराहून, भाऊ दारात उभा,
आणि मी सांगतेय,
थांब रे जरा, चालता येत नाही, गाडी आत घे.

बेळगावात डॉक्टरांनी काळा फोटो उजेडाला धरला.
दोन हाडं समोरासमोर, मधला सांधा उघडा.
चौदा मिलिमीटर.
मिलिमीटर मला कळत नाहीत.
मी डोळ्यांनी जोखलं:
दोन बिड्या शेजारी शेजारी बसतील,
छाट न निघणाऱ्या, भरीव.

दीर म्हणाला, "वैनी, तुमच्या कमरंत बी सीमाप्रश्न निघाला की!"
सगळे हसले. मीही हसले,
आणि हसताना नेमकं तिथंच दुखलं.
त्या प्रश्नाला तारखा पडतात.
मला पट्टा मिळाला, साडेआठशेचा.

मग गुडघे जुळवून ऊठ, गुडघे जुळवून नीज, मधे उशी.
पट्टा घामानं भिजला की जुन्या लुगड्याची पट्टी.
पोर रडायचं.
त्याच्यापर्यंतचे चार हात मी भिंत धरून जायची,
पोचेपर्यंत रडणं संपलेलं असायचं.
थांबायला शिकला तो, दीड महिन्याचा असताना.
सगळे म्हणाले, गुणाचं लेकरू.
मला ते आवडलं नाही.

पासबुकाची तीन पानं कोरी गेली.
चेकर म्हणाला, नाव काढावं लागेल.
सिद्रामनं कुणाला न विचारता
भंगारातून एक बाक आणला, बंद पडलेल्या शाळेतला.
फळीवर कर्कटकानं कोरलेलं: वनिता, ५ वी ब.
वनिताच्या जागेवर मी बसले, पाय जुळवून,
आता हजेरी होईल अशी.
पहिल्या दिवशी एकशे चाळीस. त्यातल्या एकोणीस छाट.

आज दुपारी बाकावरून उतरले,
गोणपाटावर टेकले, भिंतीला पाठ लावून.
उजवा पाय दुमडला.
डावा त्याच्याखाली सरकवला, अर्धा गेला, थांबला.
कट् वाजलं नाही.
मी कान देऊन होते. बाळव्वाच्या घरातला कुकर वाजला.

अर्धी मांडी.
सूप त्यावर राहत नाही अजून.
पोर राहतं,
थोडं कलून.