दुसरा ठसा

पेकालोंगानच्या या गल्लीत दुपारी
मेणाचा वास भिंतींना धरून बसतो.
कास्मुरी तांब्याचा ठसा तव्यातल्या मेणात बुडवतो,
झटकतो,
कापडावर टेकवतो,
मनगटानं एक बारीक दाब देतो,
उचलतो.
शेजारी पुन्हा.
शेजारी पुन्हा.
मी दोनदा लिहून सुटले.
त्याला एका लुंगीत
दोनशे दहा वेळा लिहावं लागतं.

चाळीस लुंग्या न्यायला आले होते,
झाल्यात एकोणीस.
म्हणून स्टुलावर बसून त्याची भाषा शिकते.

सोपी आहे म्हणतात.
माणूस म्हणजे ओरांग, माणसं म्हणजे ओरांग-ओरांग,
अनेकवचन म्हणजे तेच पुन्हा म्हणणं, झालं.
मग ती फसवायला लागते.
लांगित म्हणजे आकाश,
दोनदा म्हटलं की घराचं छत, नाहीतर तोंडातली टाळू.
दोन आकाशं मिळून एक टाळू,
हा हिशेब कुठल्या वहीत मांडू?
माता म्हणजे डोळा
(माझ्या कानाला आधी आईच ऐकू येते),
माता-माता म्हणजे हेर.
हाती म्हणजे काळीज.
हाती-हाती म्हणजे जपून.
आणि कुपु-कुपु म्हणजे फुलपाखरू, एकच.
नुसतं कुपु म्हणजे काहीच नाही,
एका पंखाला वेगळं नाव नसतं.

आपलंही तसंच की.
हळू म्हटलं तर ती ताकीद,
हळूहळू म्हटलं की वर्षं लागतात.

तरविया आतल्या खोलीत खिडकीपाशी असते.
ती हातानं मेण रेखायची, ठशाशिवाय,
त्याच्याहून बारीक, असं तोच सांगतो.
दोन वर्षांमागे एका सकाळी रेघ वाकडी गेली
आणि रेघेमागून ती.
उजवा हात गेला. शब्द गेले,
उरले ते एकेकटे.
जोडशब्द तिला पेलत नाही,
जिन्यात दम लागावा तशी अर्ध्यात थांबते.

"कुपु," ती म्हणते.
"कुपु," तो अंगणातून म्हणतो, ठसा न थांबवता.
खिडकीत फुलपाखरू पुरं होतं.

असं दिवसातून कितीदा.
कंटाळा येत नाही का, मी विचारलं,
ठशाबद्दल विचारते आहे असं दाखवत.
त्यानं ठशाची कड माझ्यापुढे धरली:
इथला देठ शेजारच्या देठात शिरतो,
एकटा ठसा म्हणजे चारी बाजूंनी तोडलेली वेल.
"मेण निवतं," तो म्हणाला, "हात थकतो,
कापड ओढलं जातं.
सारखं कुठलं असतं?
दर वेळी नव्यानं जुळवायचं."

चाळिसाव्या लुंगीच्या दिवशी
तो मेणाची किटली घेऊन खिडकीवरून जात होता.
"हाती," ती म्हणाली.

मी वाट पाहिली, तो उरलेलं म्हणेल याची.
किटली गरम होती, पायरी ओली होती,
दुसरं हाती तिथे लागतंच होतं.
तो म्हणाला नाही.
उभा राहिला.
किटली कलली, मेणाचा एक थेंब
खालच्या ताणलेल्या कापडावर पडला, तेही त्यानं पाहिलं नाही.
ती त्याच्याकडे बघत होती, पायरीकडे नव्हे,
आणि शब्द तेवढाच होता,
अर्धा नव्हता.

मेणाखाली रंग शिरत नाही.
निळ्या वेलींच्या गर्दीत आता
एक पांढरा ठिपका आहे,
ज्याचा जोडीदार कापडभर कुठे नाही.
कास्मुरीनं पावतीवर लिहिलं:
लुंग्या चाळीस, पैकी एक डागी,
तिचे पैसे नकोत.

मी चाळिसांचे दिले.
दोनदा मोजून.