कोण म्हणतं?

एप्रिलच्या दुपारी कूलरचे थेंब उडतात
आणि एकतीस निबंधांवरची शाई फुटते.
त्यातले एकोणीस सुरू होतात
‘आजच्या आधुनिक युगात’ इथून.
मी ती ओळ खोडतो. एकोणीस वेळा.
युग काही हलत नाही.

एकाचा परिच्छेद मधेच निळा, अधोरेखित.
जिथून उचलला तिथला रंगही सोबत आला,
जसा कुणी दुसऱ्याच्या दोरीवरचा शर्ट घालावा
चिमट्यासकट.
समासात लिहितो : कोण म्हणतं?

वर्गात हेच सांगतो, घसा कोरडा होईस्तोवर.
दावा केला की आधार द्या.
उसनं घेतलं तर नाव सांगा, पान सांगा.
‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच’ आले
की दारातच थांबवून विचारा, कुठून आलात.
मागच्या बाकावरून कुणीतरी :
‘हो ना बाप्पा.’

अश्लेषा निखारे वर्ग सुटल्यावर थांबली.
तिचा विषय तांडापेठेतले हातमाग.
‘माग आधी कानाला कळतो, मग हाताला’
ह्या ओळीखाली माझी लाल रेघ.
म्हणाली, ‘सर, हे बाबा म्हणते.
बाबाचं पान कोणतं लिहू?’

नियम आहे त्यालाही. मी सांगितला.
मुलाखत, नाव, गाव, तारीख.
वाक्य जसंच्या तसं, अवतरणात.
आणि लिहून झालं की
बोलणाऱ्याला वाचून दाखव.

आठ दिवसांनी आली.
कागद खोडाखोडीनं भरलेले,
माझ्या लालनं नाही, पेन्सिलीनं.

तिनं लिहिलं होतं, सर्व माग बंद पडले.
बाबा म्हणाले, ‘सर्व कसे?
आपल्या गल्लीत दोन चालू हायेत.
माहा त्यातला नाही, तं का झालं.’
तिनं केलं : बहुतेक माग.
‘हं. आता पुढं वाच.’
पुढं होतं, विणकर दुःखी आहेत.
‘कोण म्हणे?
मी तं तुले फक्त गुडघ्याचं सांगतलं होतं.’

दुसऱ्या पानावर एकदम हात वर केला त्यांनी.
‘थांब. इथं धागा तुटला.
ऐकू येऊन राहिलं.
गाठ मार, पण मागच्या बाजूनं.’
ती गाठ मी शोधली, तीनदा वाचून.
सापडली नाही.

शेवटी तळटीप.
निखारे, मोतीराम. मुलाखत. तांडापेठ, नागपूर. ९ एप्रिल.
नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं म्हणे,
‘एवढ्या बारीक अक्षरात काऊन?’

तिनं तो प्रश्न मला आणून दिला,
अवतरणात, जसाच्या तसा.
विद्यापीठ म्हणतं, आकार दहा ठेवा.
एवढंच बोललो.

रात्री कपाटातून माझा प्रबंध काढला.
काळी जिल्द, सोनेरी नाव, तेवीस वर्षांची धूळ.
पान एकशे बारा.
‘एका जाणकाराच्या मते’ असं मी लिहिलंय
आणि पुढे त्या प्रकरणातलं
सगळ्यात चांगलं वाक्य.

जाणकार म्हणजे सायत्राबाई.
पाचपावलीत, ओट्यावर, भाजी निवडत बसलेली.
आडनाव मी विचारलं नव्हतं.
तारीख वहीत नाही.
हिवाळा होता.
तिनं मला मूठभर बोरं दिली होती,
बहुतेक.

लाल पेन उघडतो.
समास अरुंद, अर्धा जिल्दीत गेलेला.
मावेल तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहितो
तिचं अर्धं नाव.