फलक छापणाऱ्याचा अंदाज

एरी, पेनसिल्व्हेनिया. तळ्यावरून वारा येतो
आणि दुकानाचं दार आपोआप उघडतं.
बावीस वर्षं इथं फलक छापतोय:
बेकरीचे, हरवलेल्या कुत्र्यांचे,
दर चार वर्षांनी माणसांचे,
तारेच्या दोन पायांवर अंगणात उभे राहणारे.

मार्चमध्ये लोवेल हॅस्कन्सचे चारशे छापले.
सज्जन माणूस. त्याच्याबद्दल कुणाचं वाईट मत नाही.
कुणाचं फारसं मतच नाही.
फिकट हिरवा रंग, खाली एकच शब्द: एकत्र.
साडेतीनशे अजून मागच्या खोलीत आहेत.

मग तो दुसरा. नाव घेत नाही,
दुकानात दोन्हीकडची गिऱ्हाइकं येतात.
टीव्हीवरचे जाणकार म्हणत होते,
अर्धा देश ज्याच्या नावानं बोटं मोडतो
तो निवडून येईलच कसा?
मी शाईचे डबे मोजत होतो.
लाल तीनदा मागवली. निळीही तीनदा.

ड्वेन पिएट्रोव्स्की, इंजिनाच्या कारखान्यातून निवृत्त,
म्हणाला, त्याचा दे, मोठ्यातला.
आवडतो तुला?
"छे. पण शेजारीण जळेल."
शेजारीण, मार्वा क्विन्लन, दुपारी आली.
तिला त्याच्याच नावाचा फलक हवा होता, वर फुली मारलेला,
ड्वेनच्यापेक्षा वीतभर मोठा.
त्या वीतभराचे पैसे
मी लावले नाहीत.

रात्री वृंदानं विचारलं,
अशी माणसं खरंच निवडून येतात?
येतात, म्हटलं. दर वेळी नाही.
प्रेम घरात बसून चहा पितं,
राग पहाटे उठून रांगेत उभा राहतो,
थंडीत, कानटोपी विसरून.
सगळ्यांना आवडावं लागत नाही.
आमच्यासारख्या चार कौंट्यांत
कुणाचा राग आधी उठला, एवढंच.
कधी त्याच्या बाजूचा उठतो.
कधी त्याच्यावरचा.
"आणि तुझा?"
मी दिवा मालवला.

डिसेंबरात मागच्या खिडकीतून वारा शिरायला लागला.
फटीवर हॅस्कन्सचे तीन फलक ठोकले,
अक्षरं आतल्या बाजूला.
चांगले बसलेत. हूं की चूं नाही.

एप्रिलमध्ये त्याला मत द्यायचं
माझंही राहून गेलं होतं.
त्या दिवशी दुकानात
दुसऱ्याचं काम होतं, घाईचं.