भागिले

शिवकांता डोईफोडे, टूलरूम, दुसरी पाळी.
रविवारी सारोळ्याच्या डोंगराखाली टेम्पो लावते
आणि शेळीचं करडू उतरवावं
तशी एकटीच उतरवते गाडी.

जमतात: गुरांमागची दोन पोरं, एक म्हातारा,
खताच्या पोत्यावर टेकलेला त्याचा जावई.
"सीट कुठंय?"
नाही.
"लाइट?"
नाही. आरसा नाही, हॉर्न नाही,
टाकीत दोन लिटर पेट्रोल,
डबा अडकवायलासुद्धा जागा नाही.
"केवढ्याला पडली मग?"
साडेनऊ लाख, ती सांगते. तीही जुनी.

म्हातारा हसत नाही.
बैल पारखावा तशी एक फेरी मारतो गाडीभोवती,
पुढच्या चाकापाशी थांबतो.
"कामून गं माय?"

ती माझ्याकडे बघते.

मी कॉस्टिंगमधला. वाळूजला बावीस वर्षं
हाच शब्द खाऊन जगलोय: कामून.
आमचं ब्रेक पेडल एकोणचाळीस रुपयांना पडतं.
आधी एकोणचाळीस वीस पडायचं.
ते वीस पैसे मी काढले, वॉशर पातळ करून;
त्याबद्दल कंपनीनं स्टीलचा डबा दिला,
अजून वापरतो.

म्हणून मीच सांगतो.
बाबा, शेवेचा सोऱ्या असतो ना,
त्यातून लग्नाची शेव पाडा की एका ताटाची,
सोऱ्याचे पैसे तेच.
आमचा साचा चाळीस लाखांचा,
त्यातून चाळीस लाख पेडल पडतात,
नगामागं रुपया.
हिची गाडी जिथं होते, तिकडं परदेशात,
वर्षाला निघतात तीनशे.
साचा तेवढाच. भागिले तीनशे.
म्हातारा मान हलवतो.
भागाकार त्याला कळतो, चार भाऊ आहेत त्याला.

मग वजन. हे माझंच मला उशिरा कळलं.
आमच्याकडे पत्रा कमी तर पैसा कमी.
इथं उलटं.
सत्तर किलोवर आणायला
कुणीतरी बोल्ट आतून पोकळ केलाय,
इंजिनाचं झाकण मॅग्नेशियमचं ओतलंय,
एकेक ग्रॅम काढायला रात्री जागलंय.
म्हणजे बघा, जे नाही
त्याचेच जास्त पैसे.
"मग मलाबी द्या की," जावई म्हणतो,
"माझ्याकडं तर काहीच नाही."

कस्टमबद्दल मी बोललो नाही.
त्याला कारण नसतं, नुसते टक्के असतात.

तोवर ती चढायला लागलेली.
काळा दगड, उन्हानं तापलेला, धारेचा.
उभ्यानंच चालवते, गुडघे सैल,
पाय टेकला की गुण गेला.
पुढचं चाक उचललं, दगडाच्या ओठावर ठेवलं,
आणि मधेच, तिरकी,
थांबली.
पडली नाही. पुढं गेली नाही.
इंजिन दम खाल्ल्यासारखं पुटपुटत राहिलं.
पोरं गप्प. एक गाय तेवढी चरत राहिली.

सवयीनं मी घड्याळ बघितलं.
अकरा सेकंद.
तेवढ्यात आमच्या प्रेसवर
पावणेदोन पेडल पडली असती.

मग पाय टेकला.
गाडी घसरत खाली आली, ती मागून, हसत,
कोपर सोललेलं.
क्लचची दांडी वाकलेली.
"नवी चौदा हजारांची. यायला सहा आठवडे."
म्हातारा पहिल्यांदा हसला.

ती दांडी हातात फिरवत राहिली,
बोटानं जाडी मापत.
टूलरूमच्या कोपऱ्यात तुकडा पडलाय ॲल्युमिनियमचा,
बुधवारी पाळी सुटल्यावर मिलिंग रिकामं असतं.
"सर, काढा ना कॉस्ट."

मी डायरी काढली.
माल, मशीनचे तास, तिचे तास.
ते लिहू नका म्हणाली. मी लिहिले.
नग: एक.
भागायचं काहीच नव्हतं,
तरी मी रेघ मारली
आणि खाली एक लिहिला.