बाकांचा नकाशा

स्वयंपाकघराच्या टेबलावर पार्कचा नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर मीठदाणी, दुसऱ्यावर मामाचा इन्हेलर.
बाहेर केंटकीचा जानेवारी, दरीत साचून काळवंडलेला बर्फ.
मुलं झोपलीत. मी लाल पेनानं
पाळण्यांना नाही, बाकांना खुणा करतेय.

फाटकापासून पहिला बाक एकशे चाळीस पावलं.
माझी नव्हेत, व्हर्लिनमामाची.
ती मी मागच्या आठवड्यात किराणा दुकानात मोजली,
त्याला कळू न देता, ढकलगाडीच्या मागं मागं:
पिठाच्या फळीपासून दुधापर्यंत बावन्न,
मग तो लेबल वाचायला थांबतो.
गेली तीन वर्षं तो भलतीच लेबलं वाचतो.
मांजराच्या खाण्याचीसुद्धा.
मांजर नाही त्याच्याकडे.

ऑक्सिजनच्या यंत्राची बॅटरी चार तास, जोडीची आणखी चार.
कंपनी म्हणते चार. मामा म्हणतो,
कंपनीनं काही सांगितलं की त्यातला एक वजा कर.
फोनवरची मुलगी गोड आवाजात सांगते,
चाकांची खुर्ची भाड्यानं मिळेल, सकाळी लवकर या,
नळी लावून पाळण्यात बसता येणार नाही.
आणखी काही विशेष गरज?
हवा, असं म्हणणार होते.
म्हटलं, सावली.

डॉयल म्हणतो, फेब्रुवारीत जाऊ, तिकडं ऊन कमी.
नर्स म्हणते, जा, पण आतषबाजीच्या धुरापासून लांब.
टॅन्सी नऊ वर्षांची, तिला दम निघत नाही.
मामाला दम लागतो.
दोघांना मी एकच सांगते, दम धरा.

आज संध्याकाळी तो आला, नळी नाकात, टोपी हातात,
नकाशावर वाकला, आणि त्याचं बोट जाऊन थांबलं
'भुताची खाण' या चित्रावर:
रुळांवरची गाडी, प्लॅस्टिकचे कंदील, रबरी वटवाघळं,
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
तो हसला. हसण्याचा अर्ध्यात खोकला झाला,
मग टेबल धरून उभं राहणं.
आम्ही जिथं होतो तिथंच थांबलो,
चमचे हवेत, नजरा सिंकच्या नळावर,
या घरात सगळे शिकलेत तसे.
मग म्हणाला, "एकतीस वर्षं मला यात बसायचे पैसे मिळायचे.
आता लोक देतात?"

वाटलं, आता नको म्हणेल.
मी पेनाला टोपण लावलंसुद्धा.

"मला तिकडं ने," तो म्हणाला. "आत नको.
जिथनं बाहेर पडतात ना,
तिथं बाक आहे का बघ."

होता. आईस्क्रीमच्या गाडीसमोर, कचरापेटीला लागून,
इतका बारीक छापलेला की चष्मा पुसावा लागला.

खिशातून त्यानं पितळी बिल्ला काढला,
नंबर दोनशे सतरा, कडा झिजून गुळगुळीत.
खाली उतरताना फळ्यावर अडकवायचा,
वर आलं की काढायचा.
एका मंगळवारी तीन तसेच लटकत राहिले.
ते शेवटी कुणी काढले, हे तो सांगत नाही,
आम्हीही विचारत नाही.

टॅन्सीच्या तळहातावर त्यानं तो ठेवला.
"आत जाताना हा माझ्याकडे ठेवून जा. बाहेर आलीस की माग."
"आणि बाकीची माणसं?"
"ती मोजतो की.
बसल्या बसल्या जमतं तेवढं."

त्या बाकाभोवती मी दोनदा गोल काढला.
फाटकापासून तिथवर नऊशे साठ पावलं,
मध्ये सहा बाक, पाण्याचा एक नळ,
आणि दोन लांबलचक पट्टे, जिथं काहीच नाही.
रात्रीचे साडेअकरा झालेत.
त्या दोन पट्ट्यांत वाचण्यासारखं काही लिहिलेलं असेल का,
एखादी पाटी, एखादं लेबल,
तेवढं शोधतेय.