छाट

आज पुन्हा काशव्वा माझ्या शेजारी बसली.
अख्खा बाक मोकळा होता, तरी सरकून बसली
आणि गीतपुस्तक माझ्या मांडीवर उघडून ठेवलं.
चष्म्याशिवाय मला आकडे दिसत नाहीत,
हे तिला पाठ आहे.

तिला आणखीही बरंच पाठ आहे.

निपाणीत, अक्कोळ रोडच्या कारखान्यात
सोळा वर्षं चेकर होतो मी.
संध्याकाळी बायका सुपात हजार-हजार बिड्या घेऊन
रांगेत उकिडव्या बसायच्या.
मी जुडी उचलायचो, अंगठा दाबायचो,
म्हणायचो, "छाट."
छाट बिडीला मजुरी नाही, आणि ती परतही मिळत नाही.
मागल्या दारानं विकली जायची,
पैसे मालकाचे. थोडे माझे.
बिडी चांगली असायची.
हे मला तेव्हाही माहीत होतं,
आणि माहीत असून रात्रीचं जेवण गोड लागायचं.

काशव्वाचं पोर अंगावर पीत होतं त्या वर्षी.
एका संध्याकाळी तिच्या दीडशे काढल्या मी.
ती भांडली नाही. पदर सारखा करत एवढंच म्हणाली,
"अण्णा, बेरळ नोयंगिल्लेनु?"
बोट दुखत नाही का तुमचं?
चहाच्या गाड्यावर तिची नक्कल करून दाखवली मी.
सगळे हसले. मी जास्त.

देव कसा भेटला, असं विचारतात लोक साक्षीच्या वेळी.
उजेड नाही, आवाज नाही.
अंगठ्याला नखुरडं झालं, बस्स.
रात्रभर ठणका, आणि प्रत्येक ठणक्यात
तिचा तो प्रश्न, कानडीत.
पैसे घेऊन दोनदा तिच्या दारी गेलो, तिनं कडी काढली नाही.
तिसऱ्यांदा तांब्याभर पाणी दिलं,
नोटा चुलीपाशी ठेवल्या, मोजल्या नाहीत,
आणि म्हणाली, "रविवारी नऊला उपासना असते.
उशीर करू नका, बाहेर उभं राहावं लागतं."

यमगर्णीच्या पुलाखाली, वेदगंगेत बाप्तिस्मा झाला.
वरून ट्रक जात होते, पाळकबाबांची प्रार्थना
निम्मी हॉर्नमध्येच गेली.
पाणी इतकं गार, की दात वाजत होते माझे
आणि लोकांना वाटलं, रडतोय.
तेही होतंच.

झालं ते धुतलं गेलं, कशाला उगाळता, म्हणतो धाकटा.
धुतलं गेलं, खरं आहे.
पण कोगनोळी नाका ओलांडताना
मी बसच्या मागच्या काचेतून एकदा वळून बघतो,
तसं हे. परत जायचं म्हणून नव्हे.
ज्या राज्यात अंगठा दाबला की माणूस वजा व्हायचा,
तिथलाच रहिवासी होतो मी, कागदपत्रांसकट.
तिथून कुणीतरी मला आणलं. तिकीट मी काढलं नव्हतं.
हे विसरलो, तर ताटातली भाकर
नुसती बेकरीची भाकर राहील.

आज पाळकबाबांनी वचन दोनदा वाचलं,
आधी मराठीत, मग कानडीत,
आमचे अर्धे बाक तिकडचे आहेत म्हणून.
तुम्ही एके काळी दूर होता, याची आठवण करा.
कानडीत त्या आठवणीला ज्ञापक म्हणतात.
मला तो शब्द जास्त लागला.

मग ताट फिरत आलं. काशव्वानं ते माझ्यासमोर धरलं.
मी तुकडा उचलला, आणि इतक्या वर्षांची खोड,
अंगठ्यानं दाबून बघितला.
वाकडं नख, पिवळं, तसंच आहे अजून.
तिनं पाहिलं. ओठ हलू न देता पुटपुटली,
"बेरळ?"
"नोयतैति, अक्का," म्हटलं मी. दुखतं.
आणि तोंडात घातला तुकडा, जसा होता तसा.
मी कोण, की तो छाट ठरवणार.
मलाच कुणी छाट म्हटलं नाही इथं,
जुडीतून वेगळं काढलं नाही.

उपकारस्तुतीचं गीत सुरू झालं.
आकडा मला सापडेना.
तिनंच पानावर बोट ठेवून दाखवला,
कात्रीनं, टेंभुर्णीच्या पानांनी
चरे चरे पडलेलं बोट.